पुस्तकावर बोला, लेखकावर नको?

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'तंत्रज्ञान आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य'. हा विषय एका तासात मावणारा नाही. शिवाय मी काही विचारवंत नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. म्हणून त्यातला अगदी छोटा तुकडा घेतो. पुस्तक वाचून झाल्यावर आपण मोबाईलवर तारे देतो, चार ओळींचा रिव्ह्यू लिहितो. त्या ओळी नंतर कुणाच्या असतात? त्या कोण काढू शकतं? आणि काढताना आपल्याला विचारतं का?

तुमच्यातल्या काहींना वाटेल, हा कुठला प्रश्न काढला. इकडे लोकांची घरं पाडली जातायत आणि हा रिव्ह्यूचं घेऊन बसलाय. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे मत बदललं. ती चूक मी मध्ये सांगणार आहे. आत्ता सांगितली तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

आधी अमेरिकेतला किस्सा. गुडरीड्स इथे किती जण वापरतात? बरेच हात आहेत, छान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर या जोडप्याने २००६च्या अखेरीस कॅलिफोर्नियात ही साइट सुरू केली. कल्पना साधी होती. मित्राच्या घरी गेलो की आपण त्याच्या पुस्तकांच्या कपाटापाशी रेंगाळतो, 'हे कसं आहे रे' म्हणून विचारतो. तेच इंटरनेटवर करायचं. आपण वाचलेली पुस्तकं आपल्या शेल्फवर मांडायची, शेल्फला हवं ते नाव द्यायचं, पुस्तकाबद्दल लिहायचं. लोकांना हे फार आवडलं. २०१३च्या सुरुवातीला तिथे दीड कोटीहून जास्त सभासद होते. आणि हे सगळं लिहिलं कुणी? वाचकांनी, फुकट. पुस्तकांची माहिती दुरुस्त करण्याचं कामसुद्धा 'लायब्रेरियन' नावाचे स्वयंसेवक सभासद करत होते.

२८ मार्च २०१३ला ॲमेझॉनने जाहीर केलं की आम्ही गुडरीड्स विकत घेतोय. वाचकांची ही काही पहिली जागा नव्हती जी त्यांच्या हाती आली. शेल्फारी नावाची तशीच साइट त्यांनी २००८ मध्येच घेतली होती. त्याच वर्षी जुन्या पुस्तकांच्या व्यवहारातली एबबुक्स ही कंपनी घेतली, आणि तिच्यासोबत लायब्ररीथिंग या तिसऱ्या साइटमधला हिस्साही आला. म्हणजे बघा, गावात एक पार आहे, तिथे लोक बसून कुठल्या दुकानातला माल चांगला, कुठला खराब, हे बोलतात. एक दिवस सगळ्यात मोठ्या दुकानदाराने तो पारच विकत घेतला. तो म्हणतो, बसा की, बोला की, मी कुठे नाही म्हणतोय? सुरुवातीला तो खरंच काही म्हणत नाही.

सहा महिने गेले. २० सप्टेंबर २०१३, शुक्रवार. गुडरीड्सने आपल्या सूचनांच्या एका ग्रुपमध्ये निवेदन टाकलं. सभासदांना ईमेल नाही, पहिल्या पानावर काही नाही. निवेदनाचा आशय असा की, यापुढे पुस्तकाऐवजी लेखकाच्या वागण्यावर भर देणारे रिव्ह्यू आणि शेल्फ काढून टाकले जातील. आणि 'यापुढे' म्हणेपर्यंत काही काढूनही झाले होते. काही सभासदांना नियम बदलल्याचं आपलं लिखाण नाहीसं झाल्यावरच कळलं. गलका झाल्यावर कंपनीने माफी मागितली. आधी कळवायला हवं होतं, २१ सभासदांना याचा फटका बसला, ही आमची चूक झाली, असं तिने मान्य केलं. जुन्या मजकुराबाबत यापुढे आधी सूचना देऊ, प्रत काढून घ्यायला वेळ देऊ, असंही सांगितलं. नियम मात्र तसाच राहिला.

दीड कोटीत एकवीस. आकडा किती लहान आहे! माझ्या क्षेत्रातला कुणीही म्हणेल, ही तर गोळाबेरजेतली चूक झाली. पण त्या एकविसांपेक्षा बाकीच्यांचं जे झालं ते मोठं होतं. पुढचा रिव्ह्यू लिहिताना प्रत्येकाच्या मनात एक माणूस येऊन बसला. हे चालेल का? हे लेखकाबद्दल होतंय का? खोडून टाकू का? एवढं झालं की कंपनीला फारसं काही काढावं लागतच नाही.

वाचक चिडले. काही सोडून गेले. बुकलाइक्स नावाच्या साइटवर तेव्हा बऱ्याच जणांनी बिऱ्हाड हलवलं. काहींनी मजा केली. एकाचा रिव्ह्यू काढला की दुसऱ्यांनी तो आपल्या नावाने पुन्हा टाकायचा. एक डोकं कापलं की दोन उगवणाऱ्या ग्रीक राक्षसाचं, हायड्राचं, नाव त्यांनी या खेळाला दिलं होतं. हे निषेधाचे रिव्ह्यूही विषयाला धरून नाहीत म्हणून काढले जाऊ लागले. मग सभासदांनी हे सगळं गोळा करून त्याच वर्षी पुस्तक काढलं, नाव 'ऑफ-टॉपिक'. म्हणजे विषय सोडून.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ते अर्धसत्य होईल. कंपनीने हा नियम अगदीच हवेतून आणला नव्हता. त्याआधीची दीड-दोन वर्षं तिथे लेखक आणि वाचक यांच्यात चांगलीच जुंपली होती. स्वतःच पुस्तक प्रकाशित करणारे लेखक वाढले होते. एक तारा मिळाला की काही जण वाचकाच्या अंगावर धावून जायचे. वाचकही कमी नव्हते. लेखकांच्या नावाने काळ्या यादीसारखे शेल्फ तयार करायचे, 'या माणसाचं काही वाचणार नाही' छापाचे. काही ठिकाणी शिवीगाळ होती. २०१२ मध्ये एक वेगळी साइट निघाली, तिने काही वाचकांची खासगी माहितीच छापली. हे सरळसरळ धोकादायक आहे. कुणाचा पत्ता टाकणं, धमकी देणं, जातीधर्मावरून शिवी देणं, हे काढायलाच हवं. त्यात मला दुमत नाही. आपल्याला तर याचा अनुभव जरा जास्तच आहे.

पण गुडरीड्सचा नियम तेवढाच नव्हता. 'पुस्तकावर बोला, लेखकावर बोलू नका.' ऐकायला किती सभ्य वाटतं! शाळेतले सर म्हणतात तसं. मी तेव्हा कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलो होतो आणि हे वाचून म्हणालो होतो, बरोबरच आहे की.

समजा, एकाने उमराह कसा करावा यावर पुस्तक लिहिलं. छान छपाई, नकाशे, दुआ. हाच माणूस ट्रॅव्हल एजन्सी चालवतो आणि गेल्या वर्षी तीस-चाळीस यात्रेकरूंचे पैसे घेऊन पसार झाला होता. मी त्या पुस्तकाखाली लिहिलं, 'शेवटच्या पानावरच्या नंबरवर फोन करू नका, माझ्या चाचांचे पैसे बुडालेत.' हे पुस्तकाबद्दल झालं की लेखकाच्या वागण्याबद्दल? किंवा मधुमेह घालवण्यावर पुस्तक लिहिणारा, नावापुढे डॉक्टर लावणारा, आणि त्याच्याकडे पदवीच नाही. किंवा हिटलरचं आत्मचरित्र, जे आपल्याकडे फुटपाथवर अजून धडाक्याने विकलं जातं. त्यावर बोलताना लेखकाच्या वागण्याचा उल्लेख टाळून दाखवा.

याहून अवघड उदाहरणंही आहेत. ऑर्सन स्कॉट कार्ड हा विज्ञानकथांचा मोठा लेखक. २०१३ मध्ये त्याच्या 'एंडर्स गेम'वर सिनेमा आला. हा गृहस्थ समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या संघटनेच्या संचालक मंडळावर काही वर्षं होता. एखादा वाचक म्हणतो, कादंबरी उत्तम आहे, पण माझे पैसे या माणसाला द्यायचे नाहीत. दुसरा म्हणतो, कलाकृती वेगळी, माणूस वेगळा. मला व्यक्तिशः दुसऱ्याचं जास्त पटतं. पण पहिल्याला ते बोलताच येऊ नये? वाचायचं की नाही, विकत घ्यायचं की नाही, हा वाचकाचा निर्णय असतो आणि त्याची कारणं तो दुसऱ्या वाचकाला सांगतो. रिव्ह्यू म्हणजे तेवढंच. कारणं कुठली चालतील हे दुकानदाराने ठरवायचं, इथे माझी गाडी अडते.

आता जरा वेगळ्या गल्लीत शिरतो. मी इथे दीन सांगायला आलेलो नाही, तो माझा अधिकार नाही. पण आपल्या परंपरेत या प्रश्नावर काही शतकं डोकं चालवलं गेलंय आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते ठाऊक असतं. हदीस गोळा करणाऱ्यांसमोर हाच प्रश्न होता. एक वाक्य आलं, ते कुणी कुणाकडून ऐकलं त्याची साखळी आली, म्हणजे सनद. आता फक्त वाक्य तपासायचं की सांगणारा माणूसही तपासायचा? त्यांनी ठरवलं, माणूसही तपासायचा. त्यातून अस्मा-उर-रिजाल, जर्ह-ओ-तादील अशी शास्त्रं उभी राहिली. हजारो माणसांच्या नोंदी. हा सच्चा, याची स्मरणशक्ती म्हातारपणी गेली, हा खोटारडा. नाव घेऊन, स्पष्ट.

तेव्हाही कुणीतरी म्हणालंच की ही तर गीबत झाली. पाठीमागे निंदा करणं किती मोठा गुन्हा मानला जातो ते आपण लहानपणापासून ऐकतो. तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत कुठे चालते याची सहा कारणं दिली आहेत. त्यातलं एक आहे लोकांना सावध करणं. रावी, म्हणजे हदीस सांगणाऱ्याचे दोष सांगणं त्यात येतं, आणि कुणी लग्नाच्या स्थळाबद्दल सल्ला विचारला तर खरं सांगणंही येतं. हे दुसरं आपल्या घरोघरी चालतं. उमराहवाल्या माणसाबद्दल लिहिणारा माझा वाचक यातच बसतो.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. या नोंदी करणारेही माणसंच होती. त्यांचेही राग-लोभ होते, पंथाचे अभिमान होते. हे त्यांनाही कळत होतं. चौदाव्या शतकातले इमाम जहबी, ज्यांचं 'मीजान-उल-एतिदाल' प्रसिद्ध आहे, ते बजावतात की एकाच काळातल्या, एकाच धंद्यातल्या माणसांनी एकमेकांवर केलेल्या टीकेला फार वजन देऊ नका, त्यात असूया असते. म्हणजे ती टीका हलकी धरा. खोडून टाका असं नाही. पुढे इब्न हजरच्या ग्रंथात एकाच माणसाबद्दलची उलटसुलट मतं, ज्याने दिली त्याच्या नावासकट, शेजारी शेजारी ठेवलेली दिसतात. आज मी ज्या रिव्ह्यू सिस्टिमवर काम करतो ती यापेक्षा मागासलेली आहे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

आता माझी चूक.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक आली. पुस्तकांच्या एका साइटवर कुणीतरी आपल्या धर्माची बदनामी केलीय, सगळ्यांनी रिपोर्ट करा, पुढे पाठवा. मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. लिंक उघडली, तीन टिंबांवर बोट ठेवलं, 'आक्षेपार्ह' निवडलं, झालं. पंधरा सेकंदं लागली असतील. संध्याकाळपर्यंत तो रिव्ह्यू गायब. ग्रुपवर माशाअल्लाहचा पाऊस पडला. मीही एक अंगठा दिला.

पुढच्या हिवाळ्यात घरातल्या एका लग्नासाठी मिरजेला गेलो. माझी एक मावसबहीण आहे, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, शिक्षिका आहे, आम्ही तिला आपा म्हणतो. आमच्या खानदानातली सगळ्यात जास्त वाचणारी बाई. रात्री जेवणं झाल्यावर पुस्तकांवर बोलणं निघालं. मी विचारलं, आपा, तू वाचतेस एवढं, तर लिहीत का नाहीस कुठे? ती म्हणाली, एकदा लिहिलं होतं. नव्या नवऱ्या-नवरीला हमखास भेट मिळणारं एक पुस्तक आहे, संसार कसा करावा सांगणारं. त्यात पतीची कर्तव्यं यावर मोठा धडा आहे. त्या लेखकाने स्वतःच्या पहिल्या बायकोला पत्राने तलाक पाठवला होता आणि ती बाई आपाच्या शाळेतच नोकरीला होती. आपाने तो धडा आणि ती हकीकत, दोन्ही लिहिलं. रात्री बसून, दोन दिवस, मोबाईलवर. ती म्हणाली, 'नंतर बघितलं तर नव्हतंच. मला वाटलं, नेट गेलं असेल, सेव्हच झालं नसेल. आपल्याला कुठे जमतं एवढं.'

मी पुस्तकाचं नाव विचारलं. तेच पुस्तक.

त्या रात्री मी काही बोललो नाही. बोलायला मला चार महिने लागले. फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग आमच्या घरच्या बोलीत एवढंच म्हणाली, 'तू पढ्या था क्या?' मी म्हणालो, नाही. 'फिर रिपोर्ट काय का किया?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्या लेखकाची बाजू मला माहीत नाही. आपाला सगळं माहीत असेलच असंही नाही. पण त्याने खाली उत्तर दिलं असतं, इतरांनी काय ते ठरवलं असतं. ते काहीच झालं नाही. धर्माची बदनामी तर त्यात कुठेच नव्हती. होतं काय, तर एका बाईने दुसऱ्या बाईबद्दल दिलेली साक्ष. ती मी पंधरा सेकंदात पुसली. आपाला आपलं लिखाण काढलं गेलंय हेसुद्धा कळलं नाही. ती स्वतःच्याच बोटांना दोष देत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या रिपोर्टवरून साइट रिव्ह्यू काढेलच कशी, कुणीतरी वाचत असेल ना? इथे माझा पेशा कामाला येतो. मी एका कंपनीत रिव्ह्यूच्याच विभागात होतो. पुस्तकं नव्हे, घरगुती सामान. पण यंत्रणा सगळीकडे साधारण सारखीच असते. प्रत्येक रिव्ह्यूच्या मागे रिपोर्टचा एक आकडा असतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रिव्ह्यू आपोआप लपतो. मग तो एका रांगेत जातो. रांगेवर कंत्राटी माणसं बसलेली, त्यांना दिवसाला अमुक इतके निकाल लावायचे असतात. एका रिव्ह्यूला काही सेकंद. मराठी आला तर भाषांतराच्या यंत्रातून वाचायचा. 'तलाक', 'मारणे', 'धर्म' असे शब्द दिसले की सुरक्षित निर्णय कुठला? लपलेला लपलेलाच ठेवणं. लपवणं म्हणजे पुसणंसुद्धा नाही, डेटाबेसमध्ये एका रकान्यात खऱ्याचं खोटं करायचं, बस. काही ठिकाणी तर लिहिणाऱ्याला आपला रिव्ह्यू जागेवर दिसत राहतो, फक्त जगाला दिसत नाही.

आमच्याकडे एकदा चर्चा झाली की ज्याचा रिव्ह्यू लपवला त्याला ईमेल पाठवायचा का. तांत्रिकदृष्ट्या अर्ध्या दिवसाचं काम होतं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, ईमेल पाठवला की तो तक्रार करणार, तक्रार आली की माणूस लावावा लागणार, माणूस म्हणजे खर्च. विषय संपला. मी त्या बैठकीत होतो आणि काही बोललो नाही. कुणी वरून हुकूम दिला नव्हता, कुणाचं षड्यंत्र नव्हतं. सेन्सॉर म्हटलं की आपल्याला कात्री घेऊन बसलेला सरकारी माणूस दिसतो. इथे तो खर्चाच्या तक्त्यातला एक रकाना होता.

अर्थात सरकारी माणूसही येतोच. डिसेंबर २०२१ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ॲमेझॉनच्या चीनमधल्या कारभारावर बातमी दिली. तिथल्या साइटवर शी जिनपिंग यांच्या भाषणांचं पुस्तक विक्रीला होतं. त्यावर एक नकारात्मक रिव्ह्यू आला. बातमीनुसार सरकारकडून मागणी झाली, आणि त्या पुस्तकाखालचे तारे व रिव्ह्यू बंद झाले. पाचपेक्षा कमी तारे हीच अडचण होती, असं आतल्या एकाने सांगितल्याचं त्यात आहे. ज्या कंपनीला ईमेलचा खर्च नको, तिला सत्तेशी भांडणाचा खर्च कशाला हवा? हे कुठल्याही देशात होऊ शकतं. आज आपण एखाद्या द्वेष पसरवणाऱ्या रिव्ह्यूविरुद्ध झुंडीने रिपोर्ट करायला शिकतो, ते बटण दुसऱ्या झुंडीकडेही असतं आणि तिची संख्या आपल्यापेक्षा मोठी आहे. हिशेब म्हणूनही हा सौदा आपल्याला परवडणारा नाही.

मग झुंडीचं काय करायचं? हा प्रश्न खरा आहे. २०२३ च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेने आपली कादंबरी प्रकाशनाआधीच मागे घेतली. कथा सायबेरियात घडते एवढ्या कारणाने, युक्रेनचं युद्ध चालू असताना, गुडरीड्सवर पाचशेहून जास्त एक-ताऱ्यांचा मारा झाला होता. कुणीही पुस्तक वाचलेलं नव्हतं, कारण ते आलंच नव्हतं. युक्रेनियन माणसाचा संताप मला समजतो. तरी न वाचता तारे देणं आणि न वाचता रिपोर्ट करणं यात मला आता फरक दिसत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उलटं घडलं. एका नवोदित अमेरिकन लेखिकेनेच खोटी खाती उघडून तिच्यासारख्याच नव्या लेखकांना, त्यातही बऱ्याच गौरेतरांना, एकेक तारा देण्याचा उद्योग चालवला होता. तो उघडकीला आला, तिच्या प्रकाशकाने करार रद्द केला. पकडलं कुणी? कंपनीच्या यंत्रणेने नव्हे. इतर लेखक-वाचकांनी खात्यांचे धागे जुळवून, दुसऱ्या समाजमाध्यमांवर उघडपणे मांडून. म्हणजे ज्याला 'लेखकाचं वागणं' म्हणून तुम्ही रिव्ह्यूतून हद्दपार केलंत, तेच बोलल्यामुळे ही फसवणूक सापडली.

त्यामुळे माझं म्हणणं 'काहीच काढू नका' असं नाही. काढा, पण लिहिणाऱ्याला कळवा, कुठल्या नियमाखाली काढलं ते सांगा, त्याला उत्तर देता येऊ द्या, आणि त्याचा मजकूर त्याला परत द्या. युरोपात २०२४ पासून पूर्ण लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्याने कारण देणं बंधनकारक केलंय. आपल्याकडेही २०२१ च्या आयटी नियमांत मोठ्या समाजमाध्यमांसाठी तरतूद आहे. भारतात ५० लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असतील तर स्वतःहून मजकूर काढताना आधी कळवायचं, बाजू मांडायची संधी द्यायची. छोट्या साइट या आकड्याखाली सुटतात. अपिलासाठी सरकारने समित्याही नेमल्या आहेत. सरकारने नेमलेल्या समितीपुढे मी आपाचा रिव्ह्यू घेऊन जायचं, या कल्पनेने मला काही हायसं वाटत नाही. पण कलम आहे, ते माहीत असावं, अर्जात त्याचा उल्लेख करावा.

दुसरं, जागा बदलता येते का? स्टोरीग्राफ आहे, नादिया ओडुनायो या प्रोग्रामरने एकटीने सुरू केलेलं. बुकवर्म आहे, त्याचा कोड खुला आहे, कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं आणि ते सर्व्हर एकमेकांशी बोलतात. आपल्या चळवळीचं असं एक बसवावं अशी माझी फार इच्छा आहे, मराठी-उर्दू दोन्ही चालेल असं. पण लगेच सांगतो, ते बसवलं की रिपोर्टची रांग आपल्याकडे येणार. मग आपल्यातल्याच कुणाला तरी रोज बसून वाचावं लागेल, आणि आपल्याच कुणा बुजुर्गांचा फोन येईल की ते अमुक जरा काढून टाका बेटा. त्या फोनला काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवा, सर्व्हरचं भाडं नंतर बघू.

आपाला मी विचारलं, पुन्हा लिहितेस का? तिने वहीतला कच्चा खर्डा शोधून काढला, फोटो पाठवला. रिव्ह्यूपेक्षा तो चांगला असणार असं मला वाटतं, कारण मूळ तर मी वाचलेलाच नाही. तो कुठे टाकायचा, त्या बाईची हकीकत ठेवायची की नाही, याचा निर्णय ती त्या बाईला विचारून घेणार आहे. मी मध्ये पडत नाही.

आता शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. ज्यांची गुडरीड्सवर खाती आहेत त्यांनी आज आपली प्रत काढून घ्यायची. ब्राउझरमधून साइट उघडा, 'माय बुक्स'मध्ये जा, तिथे 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' दिसेल. त्यातून एक फाइल मिळते, तीत तुमची पुस्तकं, तारे, शेल्फ, रिव्ह्यू असतात. खाली लोकांनी केलेल्या चर्चा त्यात येत नाहीत, त्या हव्या असतील तर हाताने उतरवून घ्या. चहानंतर मी मागच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो. पासवर्ड तेवढा आठवून ठेवा.